जीटी ७३०ला नेमका कुठला ग्राफिक्स ड्रायव्हर? (जी४१ बोर्ड, विंडोज १०, डीटीपीचं काम)

कृष्णाकाठ – सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चार दिवस डोकं धरून बसलोय, म्हणून इथे लिहितो. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे परत परत विचारायला लागणार नाही.

आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, ग्रामपंचायतीचे अहवाल असली कामं. डीटीपीची (काँप्युटरवर पानं मांडायची) मशीन जुनी आहे: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, इंटेलचा जी४१ चिपसेट असलेला बोर्ड, ४ जीबी रॅम. पूर्वी विंडोज ७ होती. भाच्याने एसएसडी बसवली आणि ६४ बिट विंडोज १० टाकून दिली. मशीन पळायला लागली, पण मॉनिटरवर चित्र १०२४ बाय ७६८ च्या पुढे जाईना. मॉनिटर १६०० बाय ९०० चा आहे. म्हणजे सगळं आडवं ताणलेलं. कोरलमध्ये (चित्र-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये) वर्तुळ काढलं की पडद्यावर लंबगोल दिसतो. पत्रिकेवरचा गणपती, कलश, सगळं रुंद. छापून बरोबर येतं, पण पडद्यावर मापाचा अंदाजच लागत नाही. गेल्या आठवड्यात मी नजरेने बरोबर वाटावं म्हणून एक बोधचिन्ह दाबून उभट केलं आणि दोनशे पत्रिका तशाच छापल्या गेल्या. त्या परत छापून दिल्या.

कुणीतरी म्हणालं, वेगळं ग्राफिक्स कार्ड घाला. शहरातल्या एका दुकानातून वापरलेलं जीटी ७३० आणलं, २ जीबी डीडीआर३. एनव्हिडियाच्या साइटवर जीटी ७३० निवडलं, विंडोज १० निवडली, ४७५ आकड्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) उतरला. चालवला की सांगतो, या ड्रायव्हरला जुळणारं हार्डवेअर सापडलं नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला कार्ड चांगलं आहे, आणि त्याने सगळे ड्रायव्हर एकत्र असलेली एक डीव्हीडी दिली. ती चालवल्यावर ड्रायव्हर तर बसला नाहीच, उलट ब्राउझरचं पहिलं पान बदललं आणि कुठलासा अँटीव्हायरस येऊन बसला.

तुळशीचं लग्न होऊन गेलंय, पत्रिकांची रांग लागली आहे. कार्ड खराब आहे की माझं काही चुकतंय?

जुनंतेसोनं – सोमवार, रात्री ११:०५

दादा, स्पष्ट सांगतो, रागावू नका. कोअर टू ड्युओवर पैसे घालू नका. इंटेलच्या आठव्या पिढीचा वापरलेला ऑफिस पीसी बारा-पंधरा हजारांत मिळतो. त्यावर विंडोज ११ सुद्धा चालेल. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलाय.

कृष्णाकाठ – सोमवार, रात्री ११:२०

रागावायचं काय त्यात. पण अडचण पैशांची एकटीची नाही. माझ्याकडे चौदा वर्षांच्या फायली आहेत, जुन्या कोरलमधल्या आणि श्रीलिपीच्या जुन्या फाँटातल्या. युनिकोड नाहीत. तो फाँट नसेल तर मजकुराच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. आमच्याकडे थोरल्या मुलीची पत्रिका छापलेलं घर धाकट्या मुलीच्या वेळी येऊन म्हणतं, "तीच काढा, नावं तेवढी बदला." ती फाइल उघडली पाहिजे. डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची चावी), फाँट, जुना कोरल, सगळं या मशीनवर सुरळीत चालतंय. बिघडलाय तो फक्त पडदा.

सोल्डरगन – मंगळवार, सकाळी ७:५०

कृष्णाकाठ, कार्ड बहुतेक ठणठणीत आहे आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या आहेत. मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या काँप्युटर बाजारात बारा वर्षं काउंटरच्या मागे काढली. या एका कार्डापायी परत आलेली गिऱ्हाइकं मोजली नाहीत, पण खूप होती.

आधी एक काम करा. डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले अॅडॅप्टरखाली सध्या मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर असं दिसत असेल. त्यावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. वरच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. एक लांब ओळ येईल. त्यात व्हेन नंतर चार अक्षरं आणि डेव्ह नंतर चार अक्षरं असतील. ती आठ अक्षरं इथे टाका. खोक्यावरचं, स्टिकरवरचं, बिलावरचं नाव आत्ता बाजूला ठेवा.

व्हेन म्हणजे चिप कुणाची: १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी, ८०८६ असेल तर इंटेल. डेव्ह म्हणजे नेमकी कुठली चिप.

कृष्णाकाठ – मंगळवार, दुपारी १:१५

जेवायला घरी आलो तेव्हा बघितलं. व्हेन १०डीई. डेव्ह ०एफ०२. (शून्य, एफ, शून्य, दोन.) दोनदा वाचून लिहिलंय.

सोल्डरगन – मंगळवार, दुपारी २:३०

मग गाठ सुटली. ०एफ०२ म्हणजे जीएफ१०८ चिप. ही फर्मी पिढी, २०१० च्या सुमाराची. तुम्ही उतरवलेला ४७५ चा ड्रायव्हर केप्लर पिढीचा, म्हणजे २०१२ नंतरच्या चिपांचा. त्याच्या यादीत तुमची चिप नाहीच, म्हणून तो म्हणतो हार्डवेअर सापडलं नाही. खोटं बोलत नाही तो.

जीटी ७३० बाजारात आलं २०१४ मध्ये, तीन रूपांत:

फर्मी चिपचं: ९६ कोअर, १२८ बिट (मेमरीच्या वाटेची रुंदी), डीडीआर३. तुमचं हे.
केप्लर चिपचं: ३८४ कोअर, ६४ बिट, डीडीआर३.
केप्लर चिपचं: ३८४ कोअर, ६४ बिट, जीडीडीआर५.

केप्लरवाल्यांचा डेव्ह आकडा सहसा १२८७ असतो. गंमत अशी की १२८ बिट हा आकडा ६४ पेक्षा मोठा, म्हणून गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला भारी कार्ड मिळालं. प्रत्यक्षात ते जुन्या चिपचं असतं. जीटी ६३० चंही असंच: काही फर्मी, काही केप्लर.

फर्मीसाठी विंडोजवरचा शेवटचा नेहमीचा ड्रायव्हर ३९१.३५, मार्च २०१८ चा. तुम्हाला तोच हवा. एनव्हिडियाच्याच साइटवर मिळतो. जीटी ७३० शोधून उपयोग नाही, परत ४७५ देईल. उत्पादनाच्या जागी जीफोर्स ५०० सिरीज घ्या, त्यातलं जीटी ५२० वगैरे कुठलंही, आणि विंडोज १० ६४ बिट. फाइल तीच आहे. दुसऱ्या कुठल्याही साइटवरून घेऊ नका, नाव कितीही गोड असलं तरी.

टाकण्याआधी त्या डीव्हीडीने सोडलेले अवशेष काढायला हवेत. त्यासाठी डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर वापरा. क्रम असा ठेवा: दोन्ही फाइल आधी उतरवून घ्या. मग इंटरनेट बंद करा, हे महत्त्वाचं, नाहीतर मधल्या वेळात विंडोज अपडेट स्वतःच काहीतरी बसवून टाकतं. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि ४ दाबून सेफ मोडमध्ये या. तिथे डीडीयू चालवून एनव्हिडिया साफ करा. मशीन परत चालू झाली की ३९१.३५ टाका. टाकताना कस्टम निवडून नुसता ग्राफिक्स ड्रायव्हर ठेवला तरी चालेल, जीफोर्स एक्सपीरियन्सची तुम्हाला गरज नाही.

एक विचारायचं राहिलं. नेट जोडलेलं असेल तर विंडोज अपडेट पुष्कळदा फर्मीचा ड्रायव्हर आपण होऊन आणतं. तुमच्याकडे का नाही आणला?

कृष्णाकाठ – मंगळवार, दुपारी ३:००

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं, डेटा जातो म्हणून भाच्याने अपडेट बंद करून ठेवलंय. आज रात्री दुकान बंद केल्यावर करतो.

एक शंका. हे कार्ड घेण्याआधी बोर्डाच्या स्वतःच्या ग्राफिक्सला ड्रायव्हर का मिळाला नाही? विंडोज ७ वर तर ते चालायचं.

कर्नलकट्टा – मंगळवार, सायंकाळी ६:१०

याचं उत्तर मी देतो. जी४१ मधलं ग्राफिक्स म्हणजे जीएमए एक्स४५००. इंटेलने त्याचे ड्रायव्हर विंडोज ७ पर्यंतच दिले. त्यापुढच्या विंडोजसाठी काढलेच नाहीत. विंडोज ७ चा ड्रायव्हर काहीजण विंडोज १० वर ओढूनताणून बसवतात, पण रोजच्या धंद्याच्या मशीनवर मी ते करणार नाही.

लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर) मात्र हेच एक्स४५०० आजही चालतं. त्याचा ड्रायव्हर, आय९१५, कर्नलमध्येच (प्रणालीच्या गाभ्यातच) असतो, शोधायलाच लागत नाही. वरच्या थरात मेसा या ग्राफिक्स संचातला क्रोकस ड्रायव्हर खास इंटेलच्या जुन्या पिढ्यांसाठी लिहिलेला आहे. मिंट या लिनक्सच्या प्रकाराची पेनड्राइव्ह लावा, चालू करा, १६०० बाय ९०० समोर. कार्डाचीही गरज नाही. तुमचा जुना कोरल तिथे नीट चालणार नाही हे कबूल, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.

आणि उलटं प्रकरणही सांगतो. लिनक्सवर जुनं इंटेल सोपं आणि जुनं एनव्हिडिया अवघड. फर्मीच्या ड्रायव्हरची ३९० शाखा एनव्हिडियाने २०२२ च्या अखेरीस बंद केली. त्याआधीची ३४० शाखा, ज्यात जीटी २१०, ८४०० जीएस, ९४०० जीटी येतात, ती २०१९ च्या अखेरीस. नवीन कर्नलवर हे ड्रायव्हर बांधले जात नाहीत आणि अपडेटनंतर काळा पडदा येतो. अशा कार्डांना लिनक्सवर मुक्त स्रोताचा नूव्हो ड्रायव्हरच ठेवावा. फर्मीवर तो चिपचा वेग पूर्ण वाढवू शकत नाही, पण पत्रं लिहायला, पीडीएफ वाचायला, व्हिडिओ बघायला पुरतो.

ओवीगंध – मंगळवार, रात्री ९:२५

मध्येच शिरते, क्षमा करा. मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या भागातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून टाइप करायचं काम करते. लॅपटॉप दुसऱ्या पिढीचा आय३, विंडोज १०. ग्राफिक्स इंटेल एचडी ३०००. कधी कधी पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. इंटेलच्या साइटवरचा ड्रायव्हर चालवला तर सांगतो की हा ड्रायव्हर या काँप्युटरसाठी तपासलेला नाही, बनवणाऱ्या कंपनीकडून घ्या. कंपनीच्या पानावर विंडोज ७ चेच ड्रायव्हर आहेत. काय करू?

सोल्डरगन – मंगळवार, रात्री १०:००

ताई, तो संदेश लॅपटॉपवर नेहमी येतो. लॅपटॉप कंपन्या ब्राइटनेस, झाकण मिटल्यावर झोपणं वगैरे आपल्या यंत्राप्रमाणे जुळवून घेतात, म्हणून इंटेलचा सरधोपट इन्स्टॉलर थांबतो. एचडी ३००० ला इंटेलने स्वतः विंडोज १० चा ड्रायव्हर दिलेला नाही, पण विंडोज अपडेटमधून एक येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एचडी ३००० वर उजवी क्लिक करा, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. तिथे ९.१७.१०.४४५९ हा आकडा आहे का बघा. तो असेल तर यापुढचा शोधू नका.

ओवीगंध – मंगळवार, रात्री १०:२०

९.१७.१०.४२२९ आहे.

सोल्डरगन – मंगळवार, रात्री १०:३०

मग थोडा जुना आहे. अपडेट ड्रायव्हर, सर्च ऑटोमॅटिकली करून बघा. तिथे नाही मिळाला तर विंडोज अपडेटमधल्या ऑप्शनल यादीत बघा.

कर्नलकट्टा – मंगळवार, रात्री १०:४५

ताई, तुमचं काम टाइप करणं आणि आवाज ऐकणं एवढंच असेल तर एकदा मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघा, हार्डडिस्कला हात न लावता. एचडी ३००० तिथे आय९१५ आणि क्रोकसवर चालतं. मराठी टायपिंग आयबसमध्ये (लिनक्सच्या टायपिंग-सोयीत) इनस्क्रिप्ट, फोनेटिक दोन्ही आहे. विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट थांबल्यावर हा चांगला मार्ग आहे. चित्र खरंच कार्डावर रंगतंय का, हे बघायला सिस्टिम इन्फोमध्ये ग्राफिक्सची ओळ वाचा. तिथे एलएलव्हीएमपाइप असं दिसलं तर सगळं काम प्रोसेसरवर चाललंय आणि ड्रायव्हर लागलेला नाही. इंटेलचं नाव दिसलं की झालं.

आणि काहीही करण्याआधी ओव्यांच्या फायली दोन ठिकाणी ठेवा. ते परत मिळणारं नाही.

कृष्णाकाठ – बुधवार, रात्री १२:१०

३९१.३५ बसला! बेसिक अॅडॅप्टर जाऊन एनव्हिडिया जीफोर्स जीटी ७३० असं नाव आलं. पान सरकवलं की आधी आडव्या पट्ट्या उमटायच्या, त्या गेल्या. सोल्डरगन, फार आभार.

पण दोन गोष्टी. एक, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरचा आकडा २३.२१.१३.९१३५ असा काहीतरी दाखवतोय. चुकीचा बसला का? दुसरी, १६०० बाय ९०० यादीतच नाही. १०२४ बाय ७६८, १२८० बाय १०२४ असलेच पर्याय. वर्तुळ अजून लंबगोलच. आता मात्र खचलोय.

सोल्डरगन – बुधवार, सकाळी ७:३०

खचू नका, ड्रायव्हर अगदी बरोबर बसलाय. विंडोज आकडा आपल्या पद्धतीने लिहिते. एनव्हिडियाच्या बाबतीत शेवटचे पाच अंक घ्यायचे: ३ आणि ९१३५, म्हणजे ३९१.३५.

दुसऱ्या गोष्टीसाठी मॉनिटर्स या ओळीखाली काय नाव आहे ते सांगा. मॉनिटर कुठल्या केबलने जोडलाय?

कृष्णाकाठ – बुधवार, सकाळी ९:१०

जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर. निळ्या टोकाची व्हीजीए केबल, मॉनिटरबरोबर आलेली.

सोल्डरगन – बुधवार, सकाळी ९:२५

केबल बघा. मॉनिटर आपली मापं कार्डाला स्वतः सांगतो. त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीएमध्ये ती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते. त्यातली एक तुटली, वाकली, की रंग आणि चित्र नीट येतं, पण कार्डाला मॉनिटर कोण आहे ते कळत नाही. मग ते सर्वसाधारण चौकोनी मापंच देतं. नॉन-पीएनपी म्हणजे नेमकं हेच.

केबल काढून टोकात बघा. तीन ओळी, प्रत्येकी पाच पिना. १२ आणि १५ शेवटच्या ओळीत. नऊ नंबरची पिन पुष्कळ केबलींत मुळातच नसते, ती रिकामी दिसली तर घाबरू नका.

कृष्णाकाठ – बुधवार, दुपारी १२:४०

छपाईचे ठिपके बघायचं भिंग लावून बघितलं. शेवटच्या ओळीतली दुसरी पिन आडवी होऊन शेजारच्या रिकाम्या जागेत झोपली आहे. कार्ड बसवताना मी केबल तिरकी खुपसली असणार. चिमट्याने सरळ करायला गेलो तर मोडली. बाजारात जाऊन नवीन आणतो.

जुनंतेसोनं – बुधवार, दुपारी १:००

मी पहिल्याच प्रतिसादात मशीन बदला म्हणालो होतो. फायलींचं कारण वाचल्यावर माझा सल्ला मागे घेतो. एक मात्र सांगतो: विंडोज १० चा आधार संपलाय आणि ३९१.३५ सुद्धा २०१८ चा आहे. ही मशीन नेटपासून दूरच ठेवा. गिऱ्हाइकाला प्रूफ पाठवायचं ते मोबाइलवरून, फाइल पेनड्राइव्हने. आणि एसएसडीची पूर्ण प्रतिमा काढून एका हार्डडिस्कवर ठेवा.

मोगरा_७७ – बुधवार, दुपारी ३:३५

माझंही विचारून घेते. घरच्या पीसीत रेडिऑन आर५ २३० आहे. एएमडीच्या साइटवर आर५ म्हणून नवे ड्रायव्हर दिसतात, ते बसत नाहीत. हेच प्रकरण का?

सोल्डरगन – बुधवार, दुपारी ४:१५

हेच. आर५ २३० ची चिप म्हणजे एचडी ६४५० चीच, नुसतं नाव नवं. ती जुन्या टेरास्केल घराण्यातली. एएमडीने एचडी ५०००, ६००० ही घराणी २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये जुन्यांच्या यादीत टाकली. तुमच्यासाठी कॅटलिस्ट १५.७.१ हा ड्रायव्हर घ्या, विंडोज १० वर तो स्थिर आहे. त्यानंतरचा क्रिमसन १६.२.१ बीटा आहे, तो कॅटलिस्टने त्रास दिला तरच. आर७ २४० असतं तर गोष्ट वेगळी होती, ती त्यानंतरच्या जीसीएन घराण्यातली चिप, तिला २०२१ पर्यंतचे ड्रायव्हर चालतात.

तरी उतरवण्याआधी डेव्हचा आकडा बघून घ्या. वापरलेल्या कार्डांत बायोस (कार्डातला मूळ प्रोग्राम) बदलून दुसऱ्याच नावाने विकलेलीही निघतात, आणि अशा कार्डात आयडीसुद्धा बदललेला असू शकतो. टेकपॉवरअपचं जीपीयू-झेड चालवलं तर असं एनव्हिडिया कार्ड ते बहुतेक वेळा ओळखतं आणि नावाआधी फेक असं लिहितं. शंका असेल तर पंखा काढून चिपवर कोरलेलं नाव वाचणं हा शेवटचा पुरावा.

ओवीगंध – बुधवार, रात्री ८:५०

ऑप्शनल यादीत ४४५९ मिळाला. दुपारपासून पडदा एकदाही काळा झालेला नाही, साठ ओव्या टाइप झाल्या. फायलींची एक प्रत मुलीकडे दिली. मिंटची पेनड्राइव्ह रविवारी नातवाकडून करून घेणार आहे. कर्नलकट्टा, आयबसमध्ये ऱ्य कसा काढायचा तेवढं सांगून ठेवा, ओव्यांत "सोयऱ्या" सारखा येतो.

कर्नलकट्टा – बुधवार, रात्री ९:०५

इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबा, म्हणजे ऱ येतो. मग हलन्त, म्हणजे डी, आणि मग य. आधी साधा र घेतलात तर रफार होऊन बसेल.

कृष्णाकाठ – बुधवार, रात्री ९:४५

नवी केबल लावली. मॉनिटरचं खरं नाव आलं, यादीत १६०० बाय ९०० आलं, लावलं. कोरलमध्ये वर्तुळ काढलं आणि पडद्याला मोजपट्टी लावली: आडवं साडेनऊ सेंटिमीटर, उभं साडेनऊ.

कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय: १०डीई, ०एफ०२, ड्रायव्हर ३९१.३५. डीडीयू आणि ड्रायव्हर दोन्ही पेनड्राइव्हवर घालून ती डोंगलच्या डब्यात ठेवली. दुकानदाराची डीव्हीडी उद्या परत नेऊन देतो आणि त्याच्याकडची बाकीची जीटी ७३० कुठल्या चिपची आहेत ते त्याला बघायला लावतो. आता तीन पत्रिका बाकी आहेत, उद्या सकाळी पहिली मंडळी नऊला येणार.

मोगरा_७७, तुमचा डेव्ह आकडा टाका, मी सकाळी बघतो.